गपचूप, मुक्काम उधवा

२४ सप्टेंबर, बुधवार

पाच तंबू आज आले. बिलावरचा आकडा बिलावर राहू दे. मला ते खरे पडले ते असे: जाड आवाजाचे आठ बेस, बारीक आवाजाचे आठ टॉप, तीन अ‍ॅम्प्लिफायर, घरचा जनरेटर आणि 'गोविंद साऊंड' हे नाव. नावसुद्धा, सगळं विकत घेणाऱ्या प्रितमने मागून घेतलं. म्हणाला, "काका, टेम्पोवर रंगवलेलंच आहे, खोडायचं कशाला?" उधव्याच्या जागेचा मालक लहान्या, त्याला पडले ते ओढ्याकाठचं यंदाचं गवत. एरवी दसरा झाला की ते कापून गठ्ठे तबेल्यांना जातात. यंदा तो तुकडा त्याने तंबूंसाठी वेळेआधीच साफ केला. बायकोला, यमुनेला, काय पडले ते ती सांगत नाही, पण चार दिवस चहात साखर कमी आहे.

ही वही दिशाने दिली. लेक वापीला नोकरी करते, शनिवार-रविवार घरी येते आणि मला धंदा शिकवते. म्हणाली, "बाबा, नवीन काम आहे, रोजचं लिहून ठेवा. आणि वहीला तरी खोटं सांगू नका."

तर खरं लिहितो. वरोरला बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. मी डहाणूला आलो तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला. तिथून एकतीस वर्षांत डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत असं एक गाव ठेवलं नाही जिथे माझा हॉर्न वाजला नाही. लग्नं, बारशी, निवडणुका. वाढवणला बंदर नको म्हणणाऱ्यांच्या सभेला माईक माझा, आणि बंदर हवं म्हणणाऱ्यांनी बोलावलं तेव्हाही माझाच. आता वय अठ्ठावन्न. ज्या दोन तालुक्यांची झोप मोडली त्यांच्याच रानात शहरवाल्यांना शांतता विकायची, असा बेत आहे.

दिशा त्याला ग्लॅम्पिंग म्हणते. म्हणजे राहायचं तंबूत, पण झोपायला पलंग आणि कमोडचा संडास. विजेचा खांब नाही, फोनला रेंज नाही. यमुना म्हणाली, "म्हणजे लग्नाचा मांडवच की. फक्त पाहुणे जेवून निघून जात नाहीत."

नाव मी ठेवलं, 'गपचूप'. मराठी माणसाला कळतं, गुजराती माणसालाही कळतं.

जागा मी कानाने निवडली आहे. पाच हजारांच्या मांडवात कुठला हॉर्न फाटलाय ते मी पाठमोरा उभा राहून सांगतो, हे अख्ख्या डहाणूला ठाऊक आहे. त्या कानांनी सांगतो, उधव्याच्या ओढ्याची घळ म्हणजे शंभर टक्के शांत. माझा पहिला मिक्सर मी विकला नाही. तो तिथे नेऊन सगळे माईक उघडले तरी त्याचा एक हिरवा दिवा लागायचा नाही. पैज.

२७ सप्टेंबर, शनिवार

एकतीस वर्षांतली पहिली नवरात्र जेव्हा गरब्याच्या मैदानावर मी बिनकामाचा. घरात पाय ठरेना, म्हणून गेलो. आयोजकांनी "आवो आवो, गोविंदभाई" म्हणून खुर्ची दिली. खुर्चीवर बसून गरबा ऐकायचा म्हणजे आपल्याच घरात पाहुणा म्हणून जेवायचं.

प्रितमने सेटिंगची वाट लावली आहे. नुसता बेस. धम धम धम. टाळ्यांचा खणखणाट नाही, टिपऱ्यांची टकटक नाही, गाणारीचे शब्द सगळे ओल्या गोधडीखालून. मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रितम, तुझे टॉप बंद आहेत रे."

"काका, काय बोलता! टॉप फुल आहेत. पुढच्या बायका कानात कापूस घालून खेळताहेत."

"मग टॉपच्या आतले ड्रायव्हर जळाले असतील."

"तुमचेच आहेत काका, तुम्हीच दिलेत." हसला. मग कापूसवाल्या दोघी मला बोटाने दाखवल्याही.

माल विकला की माणूस ऐकत नाही. घरी आलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी मिक्सरला हार घातला, हळद-कुंकू वाहिलं. बाकी सगळी हत्यारं प्रितमच्या दारात पुजली गेली असतील.

दुपारी आपट्याची पानं घेऊन उधव्याला. लहान्या माझ्याच वयाचा. त्याच्या पाड्यावरच्या तीन पिढ्यांची लग्नं मी वाजवली. मला शेठ म्हणतो आणि अरेतुरेही करतो. वारल्यांत तुम्ही-आम्हीची भानगड नाही, कलेक्टर आला तरी 'तू'. जमीन त्याची, तंबू माझे, पाहुण्यामागे निम्मं निम्मं. दोघांनीही दुसरी सोय ठेवलेली नाही. गवत गेलं, साऊंड गेला. हा हिवाळा चालला तर चालला.

तंबूंच्या जागा आखताना तो आडवा आला.

"शेठ, खाली घळीत नको. वर माळावर लाव."

"अरे, वर वारा, वर ऊन. खाली झाडी आहे, पाणी आहे. वरून तर डांबरी रस्त्यावरची गाडी ऐकू येते."

"गाडी येते आणि जाते. खाली किडे हायत."

"कसले किडे?"

"किडे रे. सांजचे. लय."

त्याची बायको बुधी लाकडं घेऊन चालली होती. तिने मोळी खाली टाकली, दोन्ही कानांत बोटं घालून दाखवली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणजे किडा कानात शिरतो, असं म्हणत असेल. बरं झालं सांगितलं. पाचही तंबूंना बारीक जाळीच्या मच्छरदाण्या सांगितल्या.

लहान्या अजून काही बोलला, पण तो पुटपुटतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

यमुना शेजारी हळदीकुंकू की काय होतं तिकडे गेली. जाताना म्हणाली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा." मी बाहेरच्या खोलीत बसून मोजायला तयार. एक होईना. कुकर बिघडला म्हणून उठणार तोच डाळ जळल्याचा वास आला.

यमुना धावत आली. "शेजारच्यांनी माझ्या घरच्या शिट्ट्या मोजल्या! नऊ!"

"मग त्यांनीच बंद करायचा."

शिट्टीत कचरा अडकला असणार, आवाज नीट फुटत नसेल. बाजारातून नवीन शिट्टी आणली. तीही तसलीच निघाली. हल्ली माल असाच येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मुख्य गोष्ट लिहायची आहे. घरात एक आवाज आहे.

बारीक सूं. पत्र्यावरून सुई ओढत न्यावी आणि पत्रा संपूच नये, तसा. महिनाभर तरी झाला. मला झोप लागेना ती त्यानेच. मी या धंद्यातला. सूं आला की आधी अर्थिंग बघायचं, मग एकेक वस्तू काढत जायचं. फ्रिजची पिन काढली, दूध नासलं, सूं तसाच. टीव्ही, राउटर, यमुनेच्या देव्हाऱ्यातली चिनी समई, सगळं काढलं. मेन स्विच पाडला. अंधारात उभा राहिलो, तर सूं आणखीच स्पष्ट.

यमुना म्हणाली, "मला तर काही येत नाही ऐकू."

म्हटलं, "तुझे कान साधे आहेत."

म्हणून आज दिशाला घेऊन उधव्याला पळालो, तिथल्या शांततेत कान धुवायला. तंबू उभे राहिलेत. खरोखर देखणे. मांडव बांधणाऱ्याचा हात आहे, कापडाला एक सुरकुती नाही. मधल्या तंबूत गादीवर पडलो, डोळे मिटले.

सूं.

इथेही! जिथे खांब नाही, तार नाही, तिथे! म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर. दिव्यांपुरता आणून ठेवला होता.

"दिशा, तो इन्व्हर्टर बंद कर. आत्ता."

"बाबा, तो अजून जोडलेलाच नाही."

"तरी काढ इथून."

खोक्यासकट गाडीत घातला. आता गपचूपमध्ये कंदील आणि मेणबत्त्या, बस. जाहिरातीत दिशा लिहिणार आहे की इथे विजेचा थेंबही नाही. तेवढंच चांगलं दिसेल.

सूं मात्र परतताना गाडीतही होता. इन्व्हर्टर डिकीत होता म्हणून असेल. घरी तो गच्चीवर ठेवला. आता वही लिहितोय तर माझ्याआधीच येऊन बसलाय.

दिशाने जेवताना विचारलं, "बाबा, एकदा कान दाखवायचे का? वापीला चांगले डॉक्टर आहेत."

"कोणाला दाखवायचे? मीच लोकांना दाखवतो."

हसली नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

फुलबाज्या यंदा मुक्या आल्यात. पूर्वी कशा तडतडायच्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

फोन आला! ठाण्याच्या विनिताबाई. मौन शिबिरं घेतात. दहा-दहा माणसं दोन-दोन दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत आणि त्याचे पैसे देतात. त्यांना हिवाळाभर प्रत्येक शनिवार-रविवारी जागा हवी आहे. अट एकच, जागा शांत हवी. म्हटलं, "बाई, तुम्ही योग्य माणसाला फोन केलात. तीस वर्षं मी आवाज विकलाय, आवाज कुठे नाही ते माझ्याइतकं कोणालाच कळायचं नाही."

आधी त्या आणि त्यांचे मिस्टर गौरव एक मुक्काम करून बघणार. पसंत पडली तर फेब्रुवारीपर्यंत गपचूप भरलेलं. नाही पडली तर लहान्याला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करायला लागेल. तो आत्ता करत नाही.

आठ तारखेला येतात. बाई बोलतात फार मऊ, शब्दांना कडाच नाहीत. दोनदा विचारून घेतलं, आठ ना? हो म्हणाल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल काय झालं ते नीट लिहितो, नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

शुक्रवारी, सात तारखेला, दुपारी साडेतीनला मी डहाणूच्या बाजारात उद्याच्या पाहुण्यांसाठी सुरण बघत होतो. दिशाचा फोन. ती ऑफिसात.

"बाबा, तुम्ही कुठे? विनिताताई दीड वाजल्यापासून लहान्याकाकांच्या अंगणात बसल्यात! रस्त्यावर रेंज शोधून आत्ता फोन केला त्यांनी."

"आज? आठ ठरलंय."

"बाबा, सात! त्यांनी मेसेजही टाकलाय. सात, स-स-साताऱ्याचा सात!"

सुरण तिथेच टाकला. दिशा वापीहून निघाली, मी डहाणूहून. पोचलो तर बुधीने पाहुण्यांना नागलीची भाकर आणि चवळीची भाजी वाढून हात धुवायला पाणीही दिलं होतं. विनिताबाई खाटेवर मांडी घालून खूष. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, उलट बरं झालं, घरचं जेवलो."

पाचला सगळ्यांना खाली घळीत नेलं. ओढ्याचं पाणी, करंजाची झाडं, पांढरे तंबू, एकेकापुढे कंदील. गौरवरावांनी फोटो काढले. सगळं मनासारखं चाललं होतं. सूर्य माळाच्या मागे गेला आणि मी ठरवलं, हीच वेळ.

हात वर केला. म्हटलं, "आता कोणी बोलू नका. नुसती ही शांतता ऐका."

तिघंही माझ्याकडे बघत राहिली. विनिताबाई, गौरवराव आणि दिशा. मी डोळे मिटले. एक सूं सोडला तर काही नाही. पान हललं तरी कळेल अशी शांतता. डोळे उघडले तर तिघं तशीच बघताहेत. दिशाचा चेहरा मला वाचता आला नाही.

मग विनिताबाई जवळ येऊन एकदम मोठ्याने म्हणाल्या, "हे रोज असतं का?"

"रोज!" मी म्हटलं. "बाराही महिने. पावसाळ्यात तर जास्तच."

"रात्रभर?"

"पहाटेपर्यंत!"

मौन शिबिर घेणारी बाई, आणि बोलायला लागली की ओरडून बोलते. गौरवरावही तसेच. दोघं दोन हातांच्या अंतरावर उभे असूनही एकमेकांच्या कानाशी तोंड नेत होते. शहरातल्या माणसांना हळू बोलायची सवयच उरलेली नाही.

अर्ध्या तासाने ते म्हणाले की वर लहान्याच्या अंगणात झोपतो. मला वाटलं किडे. म्हटलं, "मच्छरदाण्या आहेत की, बारीक जाळीच्या." विनिताबाईंनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "नाही हो, तिथे बरं वाटलं." वारल्याच्या अंगणात, शेणाच्या जमिनीवर झोपायचं अप्रूप असतं शहरवाल्यांना. मी गाद्या वर नेल्या.

गाद्या उचलताना बुधी मदतीला होती. माझ्या तोंडाकडे वाकून बघत म्हणाली, "शेठ, तुला नाय येत ऐकू?"

"काय?"

ती लहान्याकडे वळली. लहान्याने तिला डोळ्यांनी गप्प केलं. माझ्या हातातली गादी त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागला.

आज सकाळी जाताना पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. उतरवून ठेवतो: "जागा सुंदर, माणसं त्याहून. इथे मौन पाळायला सांगावंच लागणार नाही, संध्याकाळनंतर बोलण्याचा प्रश्नच उरत नाही."

याहून मोठी शाबासकी काय हवी? दिशाला म्हटलं, हे वाक्य जाहिरातीच्या पानावर पहिलं टाक. ती म्हणाली, "बघू."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विनिताबाईंनी नकार कळवला. दिशाला कळवला, मला नाही. "दुसरी जागा बघतो, काकांना वाईट वाटू देऊ नकोस."

मला वाईट वाटलेलं नाही. मला कळलेलं नाही. दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत. एवढी तारीफ लिहून नकार? अन्न आवडलं, अंगण आवडलं, फोटो पन्नास काढले. तारखेचा घोळ मनात धरला असेल? संध्याकाळी राहवेना म्हणून उधव्याला गेलो. लहान्या माळावर होता, दगड वेचून बाजूला टाकत होता. एक तंबू मावेल एवढी जागा साफ झालेली.

"हे काय चाललंय?"

"वर आण तंबू. एकेक. मी आहे." मग माझ्याजवळ आला, अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलला. मी बहिरा असल्यासारखा. "गवत, पुढल्या, वर्षी, येतंय. तू, घाबरू, नको."

"मी कशाला घाबरू?" म्हटलं आणि हसलो. तोही हसला, पण उशिरा.

खाली घळीकडे बघितलं. पाच तंबू पांढरे, जागच्या जागी. पाखरूही नाही. यापेक्षा गप्प जागा मी आयुष्यात बघितलेली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिशाने सकाळी फोनवर काहीतरी पाठवलं. त्या शुक्रवारी संध्याकाळी, मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं तेव्हा तिने फोनवर आवाज घेतला होता. चार मिनिटांचा. मी ऐकला. कोराच. सुरुवातीला माझं "नुसती ही शांतता ऐका", पुढे काही नाही.

तिला फोन केला. "अगं, फोनचा माईक गेलाय तुझ्या. माझ्या बोलण्यापुढे काहीच आलं नाही यात."

म्हणाली, "बाबा, फोनचं सोडा. तुमच्या मिक्सरवर लावून बघा. त्याच्यावर तुमचा विश्वास आहे ना?"

"कशाला?"

"लावा ना. माझ्यासाठी."

दुपारी मिक्सर खाली काढला. दसऱ्याचा हार सुकून तसाच होता, तो बाजूला ठेवला. फोनची वायर एका चॅनेलला लावली, घरातले दोन जुने स्पीकर जोडले, गेन मध्यावर ठेवला. एकतीस वर्षं ठेवतो तिथेच. सुरू केलं.

माझा आवाज आला. चांगला खणखणीत, भाषण करतोय असा. "आता कोणी बोलू नका. नुसती ही शांतता ऐका." त्यापुढे रिकामं. नेहमीचा सूं तेवढा.

आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. वायर हलवून बघितली, जॅक काढून पुसून परत घातला. स्लायडर पार वर नेला. काही नाही.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात यमुना दिसली. दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून उभी होती आणि मला काहीतरी सांगत होती. तोंड हलत होतं. 'बंद करा' असावं. तिच्यामागे खिडकीत शेजारीण येऊन उभी राहिली. गल्लीतला कुत्रा मान वर करून भुंकत होता, त्याचं मात्र ऐकू येत होतं.

मी खाली मिक्सरकडे बघितलं. त्याला कडेला दिव्यांची शिडी आहे, आवाज जितका मोठा तितके दिवे वर लागत जातात. खाली सहा हिरवे, वर तीन पिवळे, टोकाला दोन लाल.

अकराच्या अकरा लागलेले होते.